पोलीस कामातील कायदेशीर व्याख्या: कलमांचे तक्ते पाठ झाले, व्याख्यांचे काय?

खाकीतला_वाचक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता (गुन्हे व शिक्षा), भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (तपास व खटल्याची कार्यपद्धती) आणि भारतीय साक्ष्य अधिनियम (पुरावा) लागू झाले, आणि तेव्हापासून पोलिसांसाठीच्या बहुतेक वर्गांत जुने कलम कोणते व नवे कोणते याचीच उजळणी चालते. खुनाच्या ३०२ चे १०३ झाले, फसवणुकीच्या ४२० चे ३१८ झाले, प्रथम खबरीच्या १५४ चे १७३ झाले, हे तक्ते आता बहुतेकांना तोंडपाठ आहेत. मात्र माझ्या मते अंमलदाराचे काम क्रमांकापेक्षा व्याख्येवर जास्त अडते. समोरच्या माणसाला अटक करता येते की केवळ नोटीस देता येते, तपास सुरू करता येतो की आधी दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो, हे अखेर व्याख्येवरूनच ठरते. त्यासाठी हा धागा.

सुरुवात दखलपात्र गुन्ह्यापासून करतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २ प्रमाणे ज्या गुन्ह्यात पोलीस अधिकारी पहिल्या अनुसूचीनुसार (संहितेला जोडलेला गुन्ह्यांचा तक्ता) किंवा अंमलात असलेल्या अन्य कायद्यानुसार वॉरंटशिवाय अटक करू शकतो, तो दखलपात्र. या व्याख्येत गुन्हा किती गंभीर आहे याचा उल्लेखच नाही, आणि नवीन मुलांची गल्लत इथेच होते. न्याय संहितेच्या कलम ११५(२) खालील साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद आहे आणि तो गुन्हा अदखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता न येणारा, आहे. कलम १२६(२) खाली एखाद्याची वाट गैरपणे अडवण्याला जेमतेम एक महिन्याची साधी कैद आहे, तरीही तो गुन्हा दखलपात्र आहे. म्हणून शिक्षेवरून अंदाज बांधू नये, अनुसूचीतला रकाना पाहावा. न्याय संहितेबाहेरच्या कायद्यात याबाबत काही म्हटलेले नसेल, तरच अनुसूचीच्या दुसऱ्या भागाप्रमाणे शिक्षेचा आधार घ्यायचा: तीन वर्षे किंवा अधिक कैद असेल तर दखलपात्र, त्याहून कमी असेल किंवा केवळ दंड असेल तर अदखलपात्र.

आता चोरीचा प्रश्न घ्या, कारण सध्या सर्वाधिक घोळ तिथे आहे. न्याय संहितेच्या कलम ३०३(२) ला जोडलेल्या परंतुकाप्रमाणे, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या तरतुदीप्रमाणे, मालमत्तेची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, व्यक्ती प्रथमच दोषी ठरत असेल आणि मालमत्ता किंवा तिची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे. अनुसूचीत या प्रकाराची नोंद अदखलपात्र आणि जामीनपात्र अशी आहे. ठाण्यात माणूस येतो, मोबाइल चोरीला गेला म्हणतो, किंमत विचारल्यावर आज साडेचार हजार असेल असे सांगतो. आरोपी अज्ञात आहे, तो प्रथमच दोषी ठरणार आहे का हे कळण्याचा मार्ग नाही, आणि माल परत मिळणे तर पुढची गोष्ट. अशा वेळी केवळ किमतीच्या आकड्यावरून एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून फिर्यादीला वाटेला लावणे मला पटत नाही. परंतुकाच्या तिन्ही अटी एकत्र वाचायला हव्यात, आणि त्या पूर्ण झाल्या की नाही हे माहीत नसताना प्रकरण दखलपात्र समजून नोंदवणेच सुरक्षित, असे माझे मत आहे. दुसरी बाजू असणाऱ्यांनी जरूर लिहावे.

निवृत्त_ठाणेदार

धागा आवडला. एक गोष्ट जोडतो, जी वर्गात क्वचितच सांगितली जाते. पोलीस ठाण्यात दिवसभर जे शब्द तोंडी असतात, त्यांपैकी कितीतरी कलम २ मध्ये नाहीतच. अटक, कोठडी, आरोपी, प्रथम खबर, कबुलीजबाब यांपैकी एकाचीही व्याख्या तिथे सापडणार नाही. चार्जशीटसुद्धा तिथे ‘पोलीस अहवाल’ या नावाने येते. कलम २ च्या शेवटी एवढेच म्हटले आहे की इथे नसलेले शब्द न्याय संहितेत किंवा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये असतील तर तिथला अर्थ घ्यावा. तिथेही नसतील तर न्यायालयांचे निकाल वाचण्याला पर्याय नाही.

अटकेचेच पाहा. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ अटक कशी करावी ते सांगते: व्यक्तीच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श करून किंवा तिला अडवून ठेवून, आणि ती शब्दाने वा कृतीने स्वतःहून स्वाधीन झाली तर त्याचीही गरज नाही. स्त्रीच्या बाबतीत परिस्थिती वेगळे दर्शवत नसेल, तर अटकेची तोंडी सूचना दिल्यावर ती स्वाधीन झाली असे गृहीत धरले जाते आणि पुरुष अधिकाऱ्याने तिला स्पर्श करायचा नसतो. कोठडी त्याहून व्यापक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या दीपक महाजन प्रकरणात म्हटले की प्रत्येक अटकेत कोठडी असते, पण प्रत्येक कोठडीत अटक असतेच असे नाही.

याचा व्यवहारात अर्थ काय, ते स्टेशन डायरीत दिसते. डायरीत नोंद असते, ‘रात्रौ ८ वाजता संशयित इसमास चौकशीकामी ठाण्यात आणले’. अटक फॉर्मवर मात्र वेळ असते दुसऱ्या दिवशी दुपारी ४ ची, आणि रिमांड रिपोर्टमध्ये चोवीस तास मोजले जातात ते त्या ४ पासून. ‘चौकशीकामी आणलेला इसम’ असा वर्ग कायद्यात कुठेच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये सीमाशुल्क खात्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की माणसाच्या स्वातंत्र्यावर बंधन आले त्या क्षणी अटक सुरू होते, अधिकाऱ्याने कागदावर वेळ लिहिली तेव्हा नव्हे. म्हणजे अटकेनंतर दंडाधिकाऱ्यापुढे नेण्यासाठीचे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५८ चे चोवीस तास, प्रवासाचा आवश्यक वेळ वगळून, रात्री ८ पासूनच धावू लागतात. त्या माणसाला जायला मोकळीक नव्हती आणि अटकही दाखवली नाही, तर मधल्या वीस तासांना काय म्हणायचे? न्याय संहितेच्या कलम १२७ मध्ये गैर परिरोधाची, म्हणजे एखाद्याला बेकायदा अडकवून ठेवण्याची, व्याख्या आहे, ती प्रत्येकाने एकदा स्वतःला लावून पाहावी.

परीक्षार्थी

ठाणेदार साहेब आणि धागाकर्ते, दोघांचेही आभार. मी विभागीय परीक्षेची तयारी करते आहे. माझा गोंधळ ‘तपास’ आणि ‘चौकशी’ या दोन शब्दांत होतो. पुस्तकात चौकशी दंडाधिकारी करतात असे आहे, पण कलम १७३(३) मध्ये तर पोलिसांनाच प्राथमिक चौकशीचा अधिकार दिलेला दिसतो. तसेच आपण ज्याला तक्रार म्हणतो ती आणि कलम २ मधील फिर्याद एकच का?

सरकारपक्ष

प्रश्न नेमका आहे. कलम २ प्रमाणे तपास म्हणजे पुरावा गोळा करण्यासाठी पोलीस अधिकाऱ्याने, किंवा दंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेल्या अन्य व्यक्तीने, केलेली सर्व कार्यवाही. घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, झडती, जप्ती, अटक, नमुने प्रयोगशाळेकडे पाठवणे आणि शेवटी आरोपीविरुद्ध पुरेसा पुरावा आहे की नाही याचे मत बनवणे, हे सारे त्यात आले. चौकशी म्हणजे दंडाधिकाऱ्याने किंवा न्यायालयाने केलेली, पण खटला नसलेली कार्यवाही. दोन्हींत फरक पदाचा आहे तसाच हेतूचाही आहे.

कलम १७३(३) मधील प्राथमिक चौकशी या दोन्हींत बसत नाही. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली, तर उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने, चौदा दिवसांत, प्रकरण पुढे नेण्याइतके प्रथमदर्शनी तथ्य आहे का हे पाहता येते. त्या चौदा दिवसांत तपासाचे अधिकार वापरता येत नाहीत, ही गोष्ट अनेकजण विसरतात. अटक नाही, रिमांडचा तर प्रश्नच नाही. सात वर्षे व त्यावरील शिक्षेच्या गुन्ह्यात या पोटकलमाचा आधार घेणे चूकच आहे. तिथे २०१३ च्या ललिताकुमारी प्रकरणातील घटनापीठाचा नियम कायम आहे: खबरीवरून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर गुन्हा नोंदवणे बंधनकारक. खबर खरी की खोटी, हे नोंदणीनंतरच्या तपासात पाहायचे.

फिर्यादीबद्दल. कलम २ मधील फिर्याद म्हणजे ज्ञात वा अज्ञात व्यक्तीने गुन्हा केला आहे, असे कार्यवाहीच्या हेतूने दंडाधिकाऱ्यापुढे तोंडी किंवा लेखी केलेले कथन. पोलीस अहवाल त्यात येत नाही. ठाण्यात दिली जाते ती कायद्याच्या भाषेत खबर, आणि देणारा खबर देणारा. आपण त्याला फिर्यादी म्हणतो ते केवळ रूढीने. मात्र त्याच व्याख्येखालचे स्पष्टीकरण परीक्षेसाठी अवश्य वाचा. तपासाअंती केवळ अदखलपात्र गुन्हा निष्पन्न झाला, तर पोलिसांचा अहवालच फिर्याद मानला जातो आणि तो देणारा अधिकारी फिर्यादी मानला जातो. त्यामुळे ‘गुन्हा अदखलपात्र निघाला, आता कागद निकामी’ ही समजूत निराधार आहे.

शंकेखोर

सर्व प्रतिसाद वाचले. सरकारपक्ष ताई, एक परखड प्रश्न. रात्री दोन वाजता दोन गट एकमेकांवर धावून जात असताना अंमलदाराने व्याख्या आठवत बसायचे का? प्रत्यक्ष जागेवर निर्णय अनुभवाने होतो, आणि न्यायालयात मात्र तो शब्दाशब्दाने तपासला जातो. हे अन्यायाचे नाही का?

सरकारपक्ष

तुमचा मुद्दा अर्धा मान्य करते. हातघाईच्या क्षणी कोणीही पुस्तक उघडत नाही आणि तशी कोणाची अपेक्षाही नाही. दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी हस्तक्षेप करण्याचा अधिकार संहितेनेच दिला आहे. पण तुम्ही सांगता ते प्रकरण सकाळी ठाण्यात येते, तेव्हा घाई संपलेली असते आणि लेखणी हातात असते. मी ज्या अटकेच्या नोंदी पाहते, त्यांत ‘विश्वास ठेवण्यास कारण’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक कागदावर असतात, त्यापुढे कारण मात्र नसते. न्याय संहितेत या शब्दांची व्याख्या आहे: एखादी गोष्ट खरी मानण्यास पुरेसे कारण असेल तरच, अन्यथा नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(१)(ख) खाली असा विश्वास हवा, शिवाय अटक का आवश्यक आहे त्याबद्दलचे समाधान हवे आणि तेही लेखी. अटक करायची नसेल तर कलम ३५(३) ची नोटीस आहेच. २०१४ च्या अर्नेशकुमार निकालात नेमके हेच बजावले होते. संशय म्हणजे विश्वास नव्हे, आणि छापील वाक्य म्हणजे कारण नव्हे.

आणखी एक नवी तरतूद लक्षात ठेवावी. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात व्यक्ती विकलांग किंवा आजाराने दुर्बल असेल, अथवा साठ वर्षांवरील असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक करता येत नाही. आणि अटकेची कारणे म्हणजे कलमांची यादी नव्हे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सर्वच गुन्ह्यांत व्यक्तीला समजेल अशा भाषेत लेखी देण्याचा आग्रह धरला आहे.

निवृत्त_ठाणेदार

शंकेखोर यांच्या हाणामारीच्या उदाहरणावरूनच पुढे जातो. तिथला कळीचा शब्द आहे जबर दुखापत. न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये तिचे आठ प्रकार दिले आहेत आणि त्या आठांबाहेर जबर दुखापत नाही, मग जखम दिसायला कितीही भयंकर असो. अस्थिभंग, हाड निखळणे, दात तुटणे किंवा निखळणे, डोळा वा कान कायमचा निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे हे सर्वांना ठाऊक असते. आठवा प्रकार मात्र बदलला आहे. जीव धोक्यात आणणारी दुखापत, किंवा जिच्यामुळे माणसाला तीव्र वेदना होतात वा तो नित्याची कामे करू शकत नाही अशी दुखापत, यांपैकी दुसऱ्या भागासाठी पूर्वी वीस दिवसांची मुदत होती, ती आता पंधरा दिवस झाली आहे. बरेच वैद्यकीय दाखले अजून जुन्याच सवयीने लिहिले जातात, म्हणून तपासी अंमलदाराने डॉक्टरांना पत्र देताना दिवसांचा उल्लेख करून नेमके मत मागवावे. नुसते ‘गंभीर’ असे मत आले तर ते कोणत्या प्रकारात बसते, हे न्यायालयात सांगता येत नाही.

दुसरे असे की रात्री साधी मारहाण म्हणून एनसी नोंदवली आणि सकाळी एक्स-रेमध्ये मनगटाचे हाड मोडलेले निघाले, तर ती एनसी तशीच ठेवून दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट पाहत बसायचे नसते. दखलपात्र गुन्ह्याची खबर आता मिळालेली आहे, गुन्हा नोंदवावा. शिवाय एका घटनेत अनेक गुन्हे असून त्यातला एक जरी दखलपात्र असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४(४) प्रमाणे सबंध प्रकरण दखलपात्र मानले जाते. मारहाण करण्याआधी वाट अडवली होती का, हे फिर्यादीला विचारण्याची आमची जुनी खोड होती, तिचे मूळ इथेच आहे. अर्थात जे घडले नाही ते फिर्यादीच्या तोंडी घालू नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

बालहक्क

बालकाच्या व्याख्येचा विषय अजून आला नाही, म्हणून लिहिते. न्याय संहितेत आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये अठरा वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक. विधिसंघर्षग्रस्त बालक (गुन्हा केल्याचा आरोप असलेले) ठरवताना वय पाहायचे ते गुन्हा घडला त्या दिवशीचे, पकडले त्या दिवशीचे नव्हे. सतराव्या वर्षी केलेल्या कृत्यासाठी विसाव्या वर्षी सापडलेला तरुणसुद्धा बाल न्याय मंडळापुढेच न्यावा लागतो. वयाच्या पुराव्याचा क्रमही बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये ठरलेला आहे: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे माध्यमिक प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. आधी हाडांची चाचणी करून मग शाळेत चौकशी करणे म्हणजे क्रम उलटा करणे आहे.

गुन्ह्याचे वर्गही या कायद्यात स्वतंत्र आहेत. किमान शिक्षा सात वर्षे किंवा अधिक असेल तो अतिनिर्घृण. कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तो किरकोळ. २०१६ च्या नियमांप्रमाणे अतिनिर्घृण गुन्हा असेल किंवा कृत्य प्रौढांसोबत मिळून केलेले असेल तरच बालकाविरुद्ध प्रथम खबर नोंदवायची, एरवी दैनंदिनीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल. लॉकअप कोणत्याच वर्गात नाही. तेव्हा वरचा मोबाइल चोर सोळा वर्षांचा निघाला, तर दखलपात्र की अदखलपात्र हा वाद बराचसा गैरलागू ठरतो.

परीक्षार्थी

फार उपयुक्त माहिती. कबुलीजबाबाची व्याख्या कुठेच नाही असे ठाणेदार साहेबांनी लिहिले. मग साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये नेमके काय वर्ज्य आहे?

सरकारपक्ष

ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९३९ मध्ये पकाला नारायणस्वामी प्रकरणात अर्थ सांगितला, तोच आजही धरला जातो: गुन्ह्याची, किंवा गुन्हा घडवणाऱ्या जवळजवळ सर्व वस्तुस्थितीची, स्पष्ट कबुली. ‘चाकू माझा आहे’ हे एकटे वाक्य कबुलीजबाब नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. पोलीस कोठडीत असताना दुसऱ्या कोणापुढे दिलेलाही, दंडाधिकाऱ्याच्या प्रत्यक्ष उपस्थितीत दिला असेल तरच चालतो. पूर्वीच्या पुरावा कायद्यातील कलम २७ चा भाग, म्हणजे आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर त्या कथनातला तेवढाच भाग वाचण्याची मुभा, आता कलम २३ च्या परंतुकात आहे. निवेदन पंचनाम्यात आरोपी म्हणतो, ‘ज्या कोयत्याने मी त्याला मारले, तो मी शेतातल्या विहिरीजवळ पुरला आहे, दाखवतो.’ यातले पुरल्याचे आणि दाखवण्याचे शब्द वाचता येतात, ‘मी त्याला मारले’ हे शब्द गाळावे लागतात. १९४७ च्या कोटय्या प्रकरणापासून हे पक्के आहे, तरी दर वेळी पूर्ण वाक्य दोषारोपपत्रात ठळक करून येते.

इथे पोलीस अधिकारी म्हणजे केवळ गणवेशातला नव्हे. २०२० च्या तोफानसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की अमली पदार्थ कायद्याच्या कलम ५३ खाली अधिकार मिळालेले अधिकारीही या कामासाठी पोलीस अधिकारीच आहेत.

खाकीतला_वाचक (धागाकर्ता)

चर्चा अपेक्षेपेक्षा खोल गेली. एका सदस्याने व्यक्तिगत संदेशात विचारले की धावत्या प्रवासी बसमधून तीन हजारांची पिशवी चोरीला गेली तर तीही पाच हजारांखालील म्हणून एनसीच का. नाही. प्रवासी किंवा माल वाहून नेणाऱ्या वाहनातून वस्तू चोरणे हे न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते, राहत्या घरातून चोरी, देवस्थानातील मूर्तीची चोरी आणि सरकारी मालमत्तेची चोरी यांच्यासोबत. तिथे किमतीची अट नाही, शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. हातातून हिसकावून नेली असेल तर कलम ३०४. म्हणून किंमत विचारण्याआधी वस्तू कुठून गेली आणि कशी गेली, हे दोन प्रश्न विचारावेत. बस दोन ठाण्यांच्या हद्दीतून गेली असेल आणि चोरी कुठे झाली ते प्रवाशाला सांगता येत नसेल, तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(१) प्रमाणे हद्दीचे कारण देऊन त्याला परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने नोंदवून कागद संबंधित ठाण्याकडे पाठवावेत.